बरं वाटणं आणि बरं होणं: ॲक्युपंक्चरची सुई नेमकं काय करते?

"ताई, आता पंप बंद केला तर चालेल ना?" काउंटरवर दोन्ही हात टेकवून काकांनी विचारलं. एवढं एक वाक्य बोलताना ते मध्येच थांबले, श्वास घेतला आणि मग पुढचं बोलले. चेहरा मात्र खुश होता. दम्याचे जुने पेशंट, दर महिन्याला पंप आमच्याकडूनच नेतात. दीड महिन्यापासून ॲक्युपंक्चरच्या सुया घेत होते. "इतकं मोकळं वाटतंय म्हणून सांगू! तिथे म्हणाले, पंपाची सवय लागते, हळूहळू सोडून द्या."

मी साताऱ्यात मेडिकल चालवते. ॲक्युपंक्चरबद्दलचे सगळे समज-गैरसमज कधी ना कधी या काउंटरवर येऊन जातात. कुणी म्हणतं थोतांड आहे. कुणी म्हणतं पाच हजार वर्षांची विद्या आहे, कॅन्सरसुद्धा बरा होतो. कुणी इंजेक्शनच्या भीतीने नावच काढू देत नाही. माझ्या सासूबाईंनी गुडघ्यासाठी सुया घेतल्या आणि त्यांना बरं वाटलं, त्यामुळे हा विषय मला झटकून टाकता येत नाही. पण काकांच्या प्रश्नाने त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्या भाषेत दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत: बरं वाटणं आणि बरं होणं. ॲक्युपंक्चरबद्दलचा निम्मा घोळ या दोघांची गल्लत झाल्याने होतो.

दम्यापासूनच सुरुवात करते. २०११ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांचा एक अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. दम्याच्या ३९ पेशंटना पुन्हा पुन्हा बोलावून आळीपाळीने चार प्रकार केले. कधी खरा पंप, म्हणजे आपल्याकडे साल्ब्युटामॉल म्हणतात तोच. कधी तसाच दिसणारा पण औषध नसलेला पंप. कधी सुईचा नुसता देखावा, म्हणजे टोचल्यासारखं वाटावं पण सुई आत जाऊ नये. आणि कधी काहीच नाही, नुसतं बसवून ठेवलं. प्रत्येक वेळी दोन गोष्टी मोजल्या. एक, पेशंटला किती आराम वाटला. दुसरी, जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात छातीतून किती हवा बाहेर पडते.

आराम किती वाटला? खऱ्या पंपाने ५० टक्के, रिकाम्या पंपाने ४५ टक्के, खोट्या सुईने ४६ टक्के. काहीच न करता बसलेल्यांना २१ टक्के. म्हणजे पेशंटच्या सांगण्यावरून खरा पंप आणि खोटी सुई यात जवळजवळ फरकच नाही. मशीनवर फुंकायला लावलं तेव्हा चित्र पालटलं. खऱ्या पंपाने हवेचं प्रमाण २० टक्क्यांनी सुधारलं होतं. बाकी तिन्ही प्रकारांत साधारण ७ टक्के, आणि त्यात नुसते बसून राहिलेलेही आले.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला. पेशंट खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच मोकळं वाटत होतं, पण श्वासनलिका जवळजवळ होती तेवढीच आवळलेली होती. दम्यात ही परिस्थिती जीवावर बेतू शकते, कारण मोकळं वाटणारा माणूस पंप घरी ठेवून बाहेर पडतो.

कुणी म्हणेल, या अभ्यासात सुई खोटी होती, खरी तपासलीच नाही. बरोबर आहे. पण खऱ्या सुईने दम्यात श्वासनलिका उघडते असा भरवशाचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही, आणि पंप थांबवायला सांगण्याइतका तर नाहीच. राहिली 'सवय लागते' ही गोष्ट. पंपातल्या औषधाचं व्यसन लागत नाही. दमा हा आजारच वर्षानुवर्षं सोबत राहणारा आहे, म्हणून औषधही सोबत राहतं. चष्म्याची सवय लागते म्हणून कुणी चष्मा काढून गाडी चालवत नाही.

सुई असते तरी कशी

आता सासूबाईंचं सांगते. पहिल्या दिवशी त्या अगदी आखडून बसल्या होत्या. "अगं, गुडघ्यात इंजेक्शन देणार म्हणजे हाडापर्यंत जाईल ना?" म्हणून मला दोनदा विचारून झालं. हा सर्वांत पहिला गैरसमज. ॲक्युपंक्चरच्या सुईत औषध नसतं आणि भरताही येत नाही, कारण ती पोकळ नसते. भरीव, लवचिक तार असावी तशी असते. जाडी साधारण पाव मिलिमीटर. लॅबमध्ये रक्त काढायला वापरतात ती सुई पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे तिप्पट जाड, आणि कातडी कापत आत जाता यावं म्हणून तिचं टोक तिरकं तासलेलं असतं. ॲक्युपंक्चरची सुई कातडीचे धागे बाजूला सारत जाते.

मी शेजारी बसून पाहत होते. पाकीट फाडलं, आतून प्लास्टिकची बारीक नळी निघाली आणि नळीत सुई. नळी गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यात टेकवली. सुईचा दांडा नळीच्या वर दोन-तीन मिलिमीटर डोकावत होता, त्यावर बोटाने एक टिचकी मारली आणि नळी काढून घेतली. सुई तिथे उभी. "झालं?" सासूबाईंनी विचारलं. टोचल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मग सुई थोडी फिरवत आत सरकवली तेव्हा त्या "आई गं" म्हणाल्या, पण दुखलं म्हणून नव्हे. आतून जड झाल्यासारखं, ठणकल्यासारखं वाटलं म्हणाल्या. चिनी परंपरेत या संवेदनेला 'द छी' म्हणतात आणि ती यावी अशी अपेक्षाच असते. तेव्हा 'अजिबात काही जाणवत नाही' हेही खरं नाही आणि 'फार दुखतं' हेही नाही.

त्या नळीची गोष्ट मला फार आवडते. ती चिनी नाही, जपानी आहे. सतराव्या शतकात सुगियामा वाइची नावाचे एक अंध वैद्य होऊन गेले. डोळ्यांनी दिसत नसताना बारीक सुई नेमकी आणि सरळ कशी टोचायची, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता, आणि नळीतून सुई सोडण्याची पद्धत रुजवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. साताऱ्यातल्या क्लिनिकमध्ये माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यावर टेकलेली नळी तिथून आलेली आहे.

किती जुनं, आणि कुणाचं

'पाच हजार वर्षांपासून जसंच्या तसं चालत आलेलं शास्त्र' हे वाक्य जाहिरातीत असतं. यातले दोन्ही दावे तपासून पाहू.

१९७३ साली चीनमध्ये चांगशाजवळ मावांगद्वे इथे एका थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले. ते थडगं इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेलं. त्या ग्रंथांत शरीरातल्या अकरा वाहिन्यांचं, म्हणजे चिनी वैद्यकाने मानलेल्या अदृश्य मार्गांचं वर्णन आहे, त्यांच्यावर डाग देण्याचे उपचार आहेत, पण सुयांचा उल्लेख नाही. ॲक्युपंक्चरचा पाया मानला जाणारा 'ह्वांगदी नेइचिंग' हा ग्रंथ त्यानंतर, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या-दुसऱ्या शतकात आकाराला आला. त्यात वाहिन्या बारा झाल्या आणि सुया आल्या. म्हणजे लिखित पुराव्याने दोन हजार वर्षांच्या आसपास. हेही वय काही कमी नाही, त्याला ओढून ताणून पाच हजार करायची काय गरज?

आणि 'जसंच्या तसं' तर मुळीच नाही. त्या जुन्या ग्रंथातल्या नऊ प्रकारच्या सुयांत गळू फोडायची पात्यासारखी सुईसुद्धा आहे. रक्त काढणं, पू काढणं हाही त्या वेळी सुईचाच उद्योग होता. पुढे चीनमध्येच या विद्येला उतरती कळा लागली आणि १८२२ मध्ये सम्राट दाओग्वांगने राजवैद्यांच्या संस्थेत ॲक्युपंक्चर बंद करायला लावलं. आज आपण बघतो त्या रूपावर चंग दानआन या चिनी वैद्याचा मोठा हात आहे. १९३० च्या दशकात त्यांनी जाड सुया सोडून बारीक सुया घेतल्या आणि आधुनिक शरीररचनाशास्त्र समोर ठेवून टोचायच्या जागा रक्तवाहिन्यांपासून दूर नेल्या. १९५० नंतर माओच्या सरकारने देशी वैद्यकाला पाठबळ दिलं, कारण कोट्यवधी लोकांना पुरतील एवढे आधुनिक डॉक्टर देशात नव्हते. त्यामुळे आज क्लिनिकमध्ये जे होतं त्यातलं बरंचसं गेल्या शंभर वर्षांतलं आहे. मला यात कमीपणा वाटत नाही. जाड सुईऐवजी बारीक सुई आली, हे चांगलंच झालं.

कानात सुया टोचून वजन कमी करण्याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. कान म्हणजे पोटातलं उलटं बाळ, पाळीच्या जागी डोकं, हा नकाशा प्राचीन चीनचा म्हणून दाखवतात. तो फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात मांडला. तळपायाचा रंगीत तक्ता, ज्यात टाचेत अमुक अवयव आणि अंगठ्यात मेंदू दाखवतात, तो तर अमेरिकेतला आहे. युनिस इंगम या बाईंनी १९३० च्या दशकात तो तयार केला. प्रदर्शनात टोचऱ्या चपलांच्या स्टॉलवर हा तक्ता टांगलेला असतो आणि खाली 'ॲक्युप्रेशर' लिहिलेलं असतं. ॲक्युप्रेशर म्हणजे ॲक्युपंक्चरच्याच बिंदूंवर सुईऐवजी बोटाने दाब देणं. तळपायाचा तक्ता हा वेगळाच प्रकार आहे.

मग येतात व्हॉट्सॲपवरचे निरोप: हे सगळं मुळात आपलंच, सुश्रुताची मर्मं चीनला गेली, कान टोचणं आणि जोडवी हेच आपलं ॲक्युपंक्चर. सुश्रुतसंहितेबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच तिच्या तोंडी नसलेलं घालू नये असं वाटतं. सुश्रुतसंहितेत मर्मं १०७ आहेत. त्यातली १९ अशी की तिथे घाव बसला तर प्राण तत्काळ जातो. ४४ अशी की कायमचं व्यंग येतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याने या जागा सांभाळाव्यात, तिथे शस्त्र लागू देऊ नये, यासाठी ती यादी आहे. ॲक्युपंक्चरचे प्रमाण मानलेले बिंदू ३६१, आणि ते मुद्दाम टोचायचे असतात. एक यादी 'इथे टोचू नका' सांगते, दुसरी 'इथे टोचा' म्हणते. दोन्ही एकच कशा असतील? कान टोचण्याचा विधी सुश्रुताने सांगितला आहे तो बाळाचं रक्षण आणि भूषण म्हणून. आपल्याकडे बाराव्या दिवशी सोनार बाळाचे कान टोचतो तेव्हा घरात जो आनंद असतो त्याला चिनी आधाराची गरज नाही.

खरा धागा आहे, तो सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. त्यांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं पुष्कळांना वाटतं. ते परतलेच नाहीत, तर आणणार कसे? त्याच पथकातले त्यांचे सहकारी डॉ. बिजय कुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला गेले, तिथे ही पद्धत शिकले आणि कोलकात्यात तिचा प्रसार केला. पुढे कोटणीसांच्या नावाने निघालेल्या स्मृती समितीने हे काम केलं, म्हणून दोन्ही नावं एकत्र आली.

रेस्टनचं पोट

'चीनमध्ये सुया टोचून ऑपरेशन करतात, भूल देतच नाहीत' हे वाक्य माझ्या वडिलांच्या पिढीने खूप ऐकलंय. त्यामागे जेम्स रेस्टन आहेत. 'न्यू यॉर्क टाइम्स'चे हे नामवंत पत्रकार जुलै १९७१ मध्ये चीनला गेले आणि तिथेच त्यांचं अपेंडिक्स दुखायला लागलं. बीजिंगच्या रुग्णालयात ऑपरेशन झालं. त्यानंतर जगभर बोभाटा झाला की सुयांवर ऑपरेशन झालं.

त्यांनी स्वतः लिहिलेलं वेगळंच आहे. ऑपरेशनच्या वेळी त्यांना नेहमीसारखं भूल देणारं इंजेक्शन दिलं होतं. दुसऱ्या रात्री पोट फुगून अस्वस्थ वाटायला लागलं, तेव्हा त्यांच्या संमतीने एका डॉक्टरांनी उजव्या कोपराजवळ आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया टोचल्या. सोबत एका वनस्पतीच्या पेटवलेल्या कांड्या पोटाजवळ धरल्या. साधारण वीस मिनिटं हे चाललं आणि नंतर पोटातला ताण उतरला. म्हणजे सुया ऑपरेशननंतरच्या गॅससाठी होत्या, आणि गॅस तर ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांचा आपोआपही सुटतो. पण बातमी तोंडातोंडी फिरताना 'नंतर'चा 'ऐवजी' झाला. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला गेले आणि अमेरिकेत ॲक्युपंक्चरची लाटच आली.

चुकीच्या जागी टोचलं तर?

इथे जरा सावकाश जायला हवं, कारण बाजूने बोलणारे आणि विरोधात बोलणारे दोघेही इथेच घसरतात.

जर्मनीत २००० नंतरच्या दशकात मोठे अभ्यास झाले. त्यातला कंबरदुखीचा २००७ साली प्रसिद्ध झाला. ११६२ पेशंट, सरासरी आठ वर्षांचं दुखणं. तीन गट केले. पहिल्याला रीतसर, परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया. दुसऱ्याला मुद्दाम बिंदू नसलेल्या जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला गोळ्या, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी बघितलं तर रीतसर सुयांनी ४७.६ टक्के लोकांना ठळक फरक पडला होता. चुकीच्या जागी टोचलेल्यांत ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. पहिल्या दोन गटांत नाव घेण्याजोगा फरक नाही. म्हणजे बिंदू नेमका कुठला, त्यातून कुठली वाहिनी जाते, यावर फारसं काही अवलंबून दिसत नाही. या वाहिन्यांना इंग्रजीत 'मेरिडियन' म्हणतात, पण शरीर उघडून पाहिलं तरी तशी नळी कुणाला सापडलेली नाही. पण दोन्ही सुयांनी नेहमीच्या उपचारांना बरंच मागे टाकलं, हेही तितकंच खरं. थोतांड म्हणणारे पहिला निष्कर्ष सांगतात, क्लिनिकच्या पाट्या दुसरा.

एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. तिसऱ्या गटातले लोक आठ वर्षं तेच उपचार करून कंटाळलेले होते. सुया मिळतील या आशेने अभ्यासात आले आणि हातात पुन्हा त्याच गोळ्या पडल्या. त्यांची निराशाही त्या २७ टक्क्यांत मिसळलेली असणार.

मग सुई करते तरी काय? सुई टोचली की मज्जातंतू चाळवतात आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. १९७० च्या दशकात दिसून आलं की मॉर्फिनचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन दिलं तर सुईने मिळालेला आरामही उतरतो. म्हणजे एंडॉर्फिनचा, शरीर स्वतःच बनवतं त्या मॉर्फिनसारख्या रसायनाचा, हात आहे. २०१० मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात सुईभोवती ॲडिनोसिन नावाचं रसायन वाढून वेदना कमी होते असं दिसलं. आणि गंमत अशी की १९७८ मध्ये दातदुखीच्या पेशंटवर दिसलं की निव्वळ खोट्या औषधाने मिळणारा आरामही नॅलोक्सोन उतरवू शकतं. म्हणजे 'मनाचा खेळ' म्हणून आपण ज्याला हसतो तोही मेंदूतल्या खऱ्याखुऱ्या रसायनांनी चालतो. वेदना हीच मुळात मेंदूत तयार होणारी गोष्ट आहे, म्हणून तिथे सुईला, विश्वासाला, शांतपणे ऐकून घेणाऱ्या माणसाला वाव आहे. आवळलेली श्वासनलिका, वाढलेली साखर, गाठ यांना असा वाव नाही.

ऐकून घेण्याचं मी सहज म्हटलं नाही. २००८ मध्ये पोटाच्या आयबीएस या दुखण्यावर २६२ जणांचा एक अभ्यास झाला. नुसतं थांबवून ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला. खोटी सुई, पण कामापुरतं बोलणं, यात ४४ टक्के. खोटी सुई आणि सोबत जिव्हाळ्याने केलेली विचारपूस, यात ६२ टक्के. आपल्याकडे ओपीडीत तीन मिनिटं मिळतात. ॲक्युपंक्चरवाले अर्धा तास बसवतात, जेवण-झोप विचारतात. सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "त्यांनी माझं सगळं ऐकलं गं." गुडघ्यापेक्षा आधी त्यांनी ते सांगितलं.

गुडघ्याबाबतही प्रामाणिकपणे सांगते. ब्रिटनमधली उपचारांच्या शिफारशी ठरवणारी संस्था नाइस मायग्रेन टाळण्यासाठी आणि काही प्रकारच्या जुनाट वेदनांसाठी ॲक्युपंक्चर चालेल म्हणते. पण २०१६ मध्ये तिने कंबरदुखीसाठी आणि २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी ते देऊ नका असं सांगितलं, कारण खोट्या सुईपेक्षा फायदा पुरेसा दिसत नाही. दुसरीकडे, ३९ अभ्यासांतल्या २०,८२७ पेशंटची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की जुनाट दुखण्यात खरी सुई खोटीपेक्षा थोडीशी का होईना सरस आहे, आणि मिळालेल्या आरामातला बराचसा वर्षभरानंतरही टिकतो. तज्ज्ञांची चर्चा आज इथवर येऊन थांबलीय. सासूबाई जिना चढताना आता कठडा कमी धरतात, पण त्यांच्या एक्स-रेमधलं हाडांमधलं अंतर होतं तेवढंच आहे. त्यांनी मांड्यांचे व्यायाम सोडू नयेत म्हणून मी मागे लागलेली असते.

मळमळ ही अशीच एक जागा जिथे बऱ्यापैकी पुरावा आहे. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन शिरांसारख्या दोऱ्यांच्या मध्ये 'नेइग्वान' नावाचा बिंदू आहे. ऑपरेशननंतरची उलटी-मळमळ तिथे सुई किंवा दाब दिल्याने कमी होते असं ५९ अभ्यासांच्या पाहणीत दिसलं. गंमत म्हणजे इथे बिंदूला महत्त्व आहे असं वाटायला लागतं.

'जागतिक आरोग्य संघटनेने २८ आजारांवर मान्यता दिली आहे' ही पाटीही पाहिली असेल. २००३ च्या त्या दस्तऐवजात २८ विकारांची यादी आहे खरी, पण ती १९९९ च्या सुरुवातीपर्यंतच्या अभ्यासांवर बेतलेली होती, त्यातले कित्येक अभ्यास कच्चे होते, आणि तिच्यावर तेव्हापासून टीका होत आली आहे. त्यानंतरच्या मोठ्या, काटेकोर अभ्यासांकडे पाहायला हवं.

सोनारानेच कान टोचावे

ही म्हण इथे शब्दशः लागू आहे. 'सुई नैसर्गिक आहे, अपाय होतच नाही' हे चूक. जर्मनीत २,२९,२३० पेशंटची नोंद ठेवली तेव्हा ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला. बहुतेकांना थोडं रक्त येणं, काळंनिळं पडणं एवढंच. पण दोघांच्या फुप्फुसाला सुई लागून छातीत हवा भरली. दोन लाखांत दोन म्हणजे फारच कमी, तरी खांद्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात खोल सुई घेताना टोचणाऱ्याला शरीररचना पक्की माहीत हवी. नंतर अचानक दम लागला किंवा छातीत टोचायला लागलं तर घरी बसून राहू नका, सरळ दवाखाना गाठा.

पाकीट तुमच्यासमोर फाडलं जातंय का बघा, आणि वापरलेली सुई डब्यात टाकली जातेय का तेही. सुई उकळून, पुसून पुन्हा वापरली तर कावीळ ब आणि क यांचा धोका आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगा. सुईला वीज जोडणार असतील आणि छातीत पेसमेकर असेल तर स्पष्ट नाही म्हणा.

नोंदणीही विचारा. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये ॲक्युपंक्चरचा कायदा केला. महाराष्ट्रात २०१५ चा कायदा आहे आणि त्याखाली परिषद आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. विचारायला लाजू नका, नोंदणी असलेला माणूस अभिमानाने प्रमाणपत्र दाखवतो. आणि फिजिओथेरपीत 'ड्राय नीडलिंग' म्हणतात तेव्हा सुई तीच असली तरी विचार वेगळा आहे. तिथे वाहिन्या मानत नाहीत, आखडलेल्या स्नायूच्या गाठीत टोचतात.

काकांना त्या दिवशी मी स्टुलावर बसवलं आणि आमच्याकडचा फुंकेचा जोर मोजणारा पीक फ्लो मीटर काढला. हातात मावेल अशी प्लास्टिकची नळी, बाजूला आकडे आणि सरकणारा काटा. नवीन तोंडी लावून दिली. "मेणबत्ती विझवल्यासारखं एकदम फुंका." तीनदा फुंकले. सगळ्यात जास्त आला तो १८०. "पण मला मोकळं वाटतंय," ते काट्याकडे बघत म्हणाले. खिशातला पंप त्यांनी माझ्यासमोर दोनदा ओढला, पंधरा मिनिटं बसले, पुन्हा फुंकलं. २५०. मग त्यांच्या डॉक्टरांना माझ्याच फोनवरून फोन लावला.

मीटर ते घरी घेऊन गेले. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज सकाळच्या चौकोनात आकडा लिहितात, आणि ज्या दिवशी सुया घेतात त्या दिवशी शेजारी 'सु'. परवा कॅलेंडरची तीन पानं गुंडाळून दुकानात घेऊन आले. आम्ही दोघांनी काउंटरवर पसरून बोट फिरवत पाहिली. पंप नियमित सुरू झाल्यापासून आकडे २८०-२९० वर आले होते. 'सु'च्या दिवशीचे आणि बाकीच्या दिवसांचे आकडे सारखेच होते. "कंबरेला मात्र बरं वाटतं हो सुयांनी," काका म्हणाले. मी म्हटलं, कंबरेसाठी घ्या की मग. त्यांनी पानं गुंडाळली, पंपाची नवी चिठ्ठी पुढे केली.